चौथ्या भागाच्या शेवटापर्यंत

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. पंख्याच्या पात्यांवर धूळ साचते तसे ते साचत जातात आणि एक दिवस कुणीतरी बटण दाबतं. परवा एका लग्नात जेवणाच्या रांगेत एकानं मला विचारलं, "तुमच्या त्या ऑर्केस्ट्राचं पुढं काय झालं हो?" झालं! हातात ताट, मागं रांग खोळंबलेली, आणि मी आपला बोलतोच आहे. शेवटी बायकोनं दंडाला धरून बाजूला ओढलं. म्हटलं, आता एकदा निवांत बसून सांगूनच टाकावं.

तर आमचा ऑर्केस्ट्रा म्हणजे सिंफनी ऑर्केस्ट्रा. छत्रपती संभाजीनगरचा, हौशी लोकांचा, कुणाला एक रुपया मानधन नाही. त्याचा सगळा इतिहास टाकळकर सरांच्या एका इच्छेत मावतो. त्यांना चार भागांची एक सिंफनी, म्हणजे नुसत्या वाद्यांची पाश्चात्त्य रचना, लोकांसमोर, मधे न थांबता, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत वाजवायची होती. बाकी त्या माणसाचं काहीच मागणं नव्हतं. आणि नेमकं तेवढंच होत नव्हतं.

*

टाकळकर सर वाळूजच्या एका कंपनीत टूलरूमचे प्रमुख होते. तरुण असताना कंपनीनं ट्रेनिंगला जर्मनीला पाठवलं, तिथं त्यांनी ही सिंफनी ऐकली आणि कायमचे तिचे झाले. परत आल्यावर व्हायोलिन शिकले, पुस्तकं मागवून नोटेशन शिकले. रिटायर झाल्यावर छावणी भागातल्या एका शाळेचा हॉल रविवारपुरता मागून घेतला आणि पेपरात छोटीशी जाहिरात दिली की ऑर्केस्ट्रासाठी कलाकार पाहिजेत.

आता आपल्याकडं ऑर्केस्ट्रा म्हटल्यावर काय होणार? दारात गायकांची रांग! एक जण घरून माईक घेऊन आला होता. सर प्रत्येकाला शांतपणे सांगत होते की इथं गाणं नाही, फक्त वाजवायचं आहे. एक गृहस्थ बिचारे खरंच काळजीत पडले. जाता जाता म्हणाले, "मंग सर, लोकं येतील तरी कशाला?"

तरीही चाळीसेक माणसं जमली. चर्चमध्ये वाजवणारे, पोलीस बँडमधून रिटायर झालेले, लग्नाच्या बँडमधले, आणि कंपन्यांच्या शिफ्ट सांभाळून येणारे आम्ही. मी क्वालिटी विभागात. शाळेत हलगी वाजवली होती, तेवढ्या भांडवलावर सरांनी मला टिंपनीवर, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांवर बसवलं. सिंफनीत नगारेवाल्याला काम थोडं आणि वाट बघणं फार. त्यामुळं बाकीचे वाजवण्यात गुंतलेले असताना काय काय घडलं ते मी नीट बघितलंय.

*

पहिलं भांडण बसण्यावरून. चर्चचे व्हायोलिनवाले खुर्चीत बसून, हनुवटीखाली धरून वाजवणारे. आपलं शास्त्रीय शिकलेल्या बायका मांडी घालून, व्हायोलिन खाली पायाशी टेकवून वाजवणाऱ्या. खुर्चीवर बसायला त्या अजिबात तयार नव्हत्या. त्यांची पुढारी अनघा जाधव, बँकेत अधिकारी, आवाज बारीक पण माघार माहीत नाही. ती सरांना म्हणाली, "मला मांडी घालू द्या सर, मग तुम्ही म्हणाल तो सूर काढून देते."

सरांनी वाद घातला नाही. उजवीकडं खुर्च्या, डावीकडं चौथऱ्यावर सतरंजी. जगात असा सिंफनी ऑर्केस्ट्रा दुसरा नसेल. फोटो बघून पुण्याचे एक जाणकार म्हणाले की अर्धी मंडळी संपावर आहेत का?

*

पहिला कार्यक्रम. शिफ्टमुळं सगळे एका वेळी कधीच जमायचे नाहीत, म्हणून सर रविवारी दोन तालमी घ्यायचे. काही जण सकाळी, बाकीचे संध्याकाळी. दोन्ही तुकड्या आपापल्या जागी पक्क्या. मोठी एकत्र तालीम एकच ठरली होती, आणि त्या दिवशी शाळेत परीक्षेचं केंद्र लागलं. थेट नाट्यगृहातच भेटू म्हणाले सर.

अशा संगीतात एक खूण असते. तिथं पोचलं की मागं जाऊन तोच तुकडा परत वाजवायचा. संध्याकाळच्या तुकडीला सर म्हणाले होते, वेळ कमी आहे, परत वाजवू नका, पुढं चला. सकाळच्या तुकडीला हे सांगायचं राहून गेलं.

पहिल्या भागात ती खूण आली आणि अर्धा ऑर्केस्ट्रा मागं गेला, अर्धा पुढं गेला. दोन्हीकडचे आपण बरोबर आहोत या खात्रीनं जोरजोरात वाजवतायत! कुणाबरोबर वाजवायचं? मी सकाळवाला, पण माझ्या शेजारचे सगळे संध्याकाळचे. समोर उभे राहून ताल देणारे सर दोन्ही हातांनी दोन वेगळे ताल देऊन बघत होते. शेवटी त्यांनी हात खाली घेतले आणि लोकांकडं वळून म्हणाले, "दहा मिनिटांचं मध्यंतर."

मध्यंतरानंतर प्रेक्षागृहात आमच्या घरची माणसं तेवढी उरली होती.

*

पुढच्या वर्षी सरांनी धडा घेतला. सगळ्यांची एकत्र तालीम, सगळं पक्कं. कार्यक्रम वाळूजलाच, एका कॉलनीच्या सभागृहात. पहिला भाग झाला, दुसरा झाला. तिसऱ्याच्या मध्यावर आलो आणि सरांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू बघितलं. इतक्या लांब आम्ही कधीच आलो नव्हतो.

बाहेर हॉर्न वाजला.

वाळूजमध्ये राहिलेल्याला सांगायला नको, शिफ्टची बस कुणासाठी थांबत नाही. पाहुण्यांची भाषणं लांबली होती, त्यात आमचा सगळा हिशेब चुकला. रात्रपाळीचे सात जण एकमेकांकडं बघत होते. दुसऱ्यांदा हॉर्न वाजल्यावर मागच्या रांगेतला फ्रेंच हॉर्नवाला वाकून, पाय न वाजवता निघाला. मग बास म्हणजे उभं मोठं व्हायोलिन वाजवणारा, मग बासरीवाला, मग बाकीचे. सरांना पाठ दाखवायची नाही म्हणून उलटे चालत गेले बिचारे. सर हात हलवत राहिले, पण त्या सात जागा रिकाम्या झाल्यावर तिसरा भाग अडखळत तिथंच थांबला. त्यांनी कुणालाच बोल लावला नाही. "पाळी चुकवून कसं चालेल," एवढंच म्हणाले. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

*

आता रफीकभाईंचा किस्सा. ट्रम्पेटला त्यांच्या तोडीचा माणूस मी तरी ऐकलेला नाही. उभा जन्म लग्नाच्या बँडमध्ये गेला. बँडवाल्यांचा एक कायदा असतो. पाहुण्याच्या गळ्यात हार पडताना दिसला की जे वाजत असेल ते सोडायचं आणि सलामी द्यायची. हे कुणी शिकवत नाही, ते अंगातच मुरलेलं असतं.

त्या वर्षी आम्ही चौथ्या भागात पोचलो होतो. चौथ्या! दोन-तीन पानं राहिली होती. माझ्या हातात काठ्या तयार. अनघा खालचा ओठ दाताखाली धरून वाजवत होती. आणि प्रेक्षागृहाचं दार उघडून, दीड तास उशिरा, प्रमुख पाहुणे आत आले. आयोजकांतला एक उत्साही माणूस हार घेऊन धावला.

मला ते दिसलं. रफीकभाईंनाही दिसलं. मी मनात म्हणतोय, नका बघू, नका बघू. हार गळ्यात पडला आणि ट्रम्पेटमधून खणखणीत सलामी! त्यांच्या मागं क्लॅरिनेट, त्यामागं ढोलवाला, सगळी बँडची मंडळी. पाहुणे खूश होऊन हात जोडत स्टेजपर्यंत आले. प्रेक्षक उभे राहिले. सिंफनी तिथंच संपली.

नंतर रफीकभाई विंगेत भिंतीकडं तोंड करून उभे होते. सर जवळ गेले तसे म्हणाले, "क्या बोलूं सर, हार दिसला की ही बोटं माझं ऐकतच नाय."

सर म्हणाले, "सूर मात्र पक्का होता."

*

नंतरचा किस्सा मी फारसा सांगत नाही. तालीम चालू होती, अगदी संथ जागा. सरांचा उजवा हात वर गेला, आणि थरथरायला लागला. व्हायोलिनमध्ये तारेवर गज भरभर थरथरवत वाजवायचा एक प्रकार आहे. सरांचा हा नवा इशारा, असं समजून सगळ्या व्हायोलिनवाल्यांनी तसं वाजवायला सुरुवात केली. खुर्च्यांनीही आणि सतरंजीनंही. ऐकायला सुंदर लागत होतं.

सरांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. सगळे गज थांबले.

"ते तुमच्यासाठी नव्हतं," ते म्हणाले.

तालमीनंतर काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, मला आणि अनघाला बाजूला घेऊन सांगितलं की डॉक्टरांच्या मते हे वाढतच जाणार. आणखी एक कार्यक्रम जमेल, पुढचं सांगता येत नाही. अनघा सरांकडं गेली आणि म्हणाली, आपण फक्त चौथा भाग वाजवू, शेवट तरी गाठू. सर नाही म्हणाले. "जिना न चढता गच्चीवर गेल्याचं सांगू नये, बाई."

*

तर तो कार्यक्रम. कुणी रजा टाकली, कुणी पाळी बदलून घेतली. रफीकभाईंनी भर सराईतलं गंगापूरचं लग्न सोडलं आणि स्टेजवर प्रेक्षक दिसू नयेत म्हणून खुर्ची तिरकी फिरवून घेतली. काकू पहिल्या रांगेत, पदर मुठीत.

पहिला भाग झाला. दुसरा झाला. तिसऱ्यात सरांचा उजवा हात ताब्यातून सुटला. ताल द्यायची छडी पडणार असं वाटत असतानाच त्यांनी ती डाव्या हातात घेतली आणि उजवा हात कोटाच्या खिशात घातला. डाव्या हाताचे इशारे सगळे आरशातल्यासारखे उलटे. खुर्च्या गोंधळल्या, एक बासरी पुढं पळाली. अनघानं मांडी तशीच ठेवून मान जोरजोरात हलवायला सुरुवात केली, आणि सगळे तिच्या मानेच्या तालावर आले.

चौथा भाग. माझी लांब वाट बघायची जागा होती, आणि मी ताल मोजायचं सोडून त्या खिशाकडं बघत बसलो. कोट आतून हलत होता. भानावर आलो तेव्हा आकडा गेला होता. चुकीच्या जागी नगारा वाजला तर सगळं संपलं, आणि नाही वाजला तरी संपलं. मी सरांकडं बघितलं. ते माझ्याचकडं बघत होते. हात इशारा द्यायला मोकळा नव्हता. त्यांनी हनुवटी किंचित वर नेली, आणि खाली आणली. मी वाजवलं.

मग पानं उलटत गेली. एवढ्या पुढची पानं लोकांसमोर कधी उलटलीच नव्हती. शेवटचा सूर सगळ्यांनी मिळून धरला, सरांनी डावी मूठ मिटली आणि थांबलो.

शांतता. एक टाळी नाही! दर वर्षी येणारी माणसं ती, आता काय बिघडलं म्हणून दाराकडं, दिव्यांकडं, एकमेकांकडं बघत होती. सर पाठमोरेच, मूठ हवेत. अनघाचे सासरे गंगापूरहून आले होते. त्यांना राहवलं नाही. मधल्या रांगेतून उठून त्यांनी विचारलं, "सर, संपलं का व्हय?"

सर हळूच वळले. डोळे भरलेले.

"संपलं असावं," ते म्हणाले. "इथपर्यंत मीही पहिल्यांदाच आलोय."