आजची मानकरी

मनोबल हा शब्द मी पहिल्यांदा मुरबाडच्या एका कारखान्यात, नव्या मॅनेजरांच्या तोंडून ऐकला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन ते परतले होते आणि सोबत एक जाड फाइल होती. मी पॅकिंगचा सुपरवायझर. माझ्या टेबलावर आठ बायका प्लास्टिकचे डबे खोक्यांत भरत.

त्या आठजणींची एक जुनी सोय होती. आवणीला, म्हणजे भात लावायच्या दिवसांत, एकेक जण आळीपाळीने दोन दिवस शेतावर जाई आणि बाकीच्या सातजणी तिची खोकी भरून काढत. संध्याकाळी मी सबंध टेबलाचा एकच आकडा लिहीत असे आणि हजेरीकडे फार निरखून पाहत नसे. याला मनोबल म्हणतात हे आम्हांला कुणी सांगितलं नव्हतं.

मॅनेजरांनी फळा लावला. प्रत्येकीचा आकडा वेगळा, आणि सर्वांत पुढे असेल तिचा फोटो. वर ठळक अक्षरांत 'आजची मानकरी'. टाळ्या वाजवण्यासाठी रोज पाच मिनिटं काम थांबे.

त्या पावसाळ्यात टोकावड्याहून येणाऱ्या एकीची रोपं वाढून पिवळी पडायला लागली होती. नवरा अंथरुणाला खिळलेला, लावणार ती एकटीच. तिने टेबलावरच्या शेजारणीला विचारलं. शेजारीण फळ्याकडे बघत म्हणाली, "उद्या माझा फोटो लागल गो. तुझी खोकी भरली त माझी कवा भरू?"

"लाव," ती म्हणाली. "हार मी आनते."

कुणी हसलं नाही. ती न सांगता गेली. तिच्या नावापुढे मी दोन दिवस शून्य लिहिलं. तिसऱ्या दिवशी मॅनेजरांनी तिला कामावरून काढून फाटकावरूनच परत पाठवलं.

त्यानंतर सातजणींचे आकडे रोज सारखेच येऊ लागले, आणि पूर्वीपेक्षा कमी. फोटो कुणाचा लावावा हे मॅनेजरांना कळेना. असं का होतंय, त्यांनी मला विचारलं. मी पावसाचं कारण सांगितलं.

श्रावणात ती एसटी स्टँडवर भेटली. मी शेताची चौकशी केली.

"लावली सायेब. उशिराची हाय, पन धरलीय." मग म्हणाली, "कुठं काम असल त माझ्यासाठी शब्द टाका."

मी हो म्हणालो. जिथे तो टाकायचा होता तिथे मी टाकला नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.