अगरबत्तीच्या काड्या आणि सरकारचा धंदा

बांबूचा भुसा आणि किस्से, दोन्ही आमच्या शेडमध्ये रोज झाडले तरी रोज साचतात. सावली गावाजवळच्या या शेडचा मी सुपरवायझर. अगरबत्तीच्या काड्या परदेशातून कशाला आणायच्या, आपल्याच जंगलात बांबू आहे, म्हणून सरकारने इथे मशीन बसवली. चालवतात गावातल्या बाया. सरकारने असा पैसा घालावा की नाही, यावर येणारा-जाणारा प्रत्येकजण बोलतो!

* * *

उद्घाटनाला पुढाऱ्यांनी बटन दाबलं, नेमकी तेव्हाच लाइन गेलेली. मशीन ढिम्म. पुढारी मात्र खूश झाले. म्हणाले, "बघा, आवाज अजिबात नाही. असं तंत्रज्ञान आता आपल्या देशात तयार होतंय!"

आम्हीही टाळ्या वाजवल्या.

* * *

बांबू तोडून आणायचं काम म्हाताऱ्या सीतारामभाऊंचं. नागपूरहून तातडीची ऑर्डर आली, तर ते जागचे हलेनात.

"चांदण्यात तोडलेल्या बांबूले कीड लागते. अवस जवळ येऊ द्या."

भाऊंचं खरंच होतं. पण फॉर्ममध्ये 'विलंबाचे कारण' असा रकाना होता. मी लिहिलं, 'चंद्र'. नागपूरहून आजवर एकही शंका आलेली नाही.

* * *

समोरच्या चहाच्या टपरीवर गुलाबभाऊ आणि वसंतभाऊंची रोज जुंपते. गुलाबभाऊ म्हणतात, सरकारने पैसा लावल्याशिवाय या भागात कोणी खिळासुद्धा बनवणार नाही. वसंतभाऊंच्या मते सरकारने धंद्यात पडूच नये.

एकदा वसंतभाऊ फार रंगात आले. सरकारी धंदे सगळे बंद करा म्हणता म्हणता ताडकन उठले आणि अर्धा चहा टाकून पळाले. गडचिरोलीची एसटी लागली होती.

* * *

मशीन चालवते कमलबाई. आधी ती दर वर्षी घराला कुलूप लावून तेलंगणात मिरची तोडायला जायची. पहिल्या दिवशी ट्रेनर म्हणाला, घाबरू नका. तिने आपले हात पाहिले. म्हणाली, "मिरचीपेक्षा तिखट थोडीच हाये हे."

मशीन आल्यापासून तिच्या घराला कुलूप लागलेलं नाही.

* * *

मागच्या महिन्यात दोन साहेब आले. शेड चालू ठेवायची की बंद करायची, हे ठरवायला. एकजण म्हणे, सरकारने किती दिवस पोसायचं? दुसरा म्हणे, रोपटं लावून लगेच सावली कशी मागता? दोघे मशीनसमोर खुर्च्या टाकून तासभर भांडले. बाया भिंतीला टेकून ऐकत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

शेवटी पहिल्या साहेबांनी कमलबाईला विचारलं, "बंद केलं तर तुम्ही काय कराल?"

"मिरचीले जाऊ साहेब. पण जाताना मशीनले तेल देऊन जाऊ. ती काऊन गंजावी? तिचा का कसूर?"

असं म्हणून तिने तेलाचा डबा उचलला. वाटेत त्याच साहेबांची खुर्ची होती. साहेब उठले, आणि खुर्ची स्वतःच बाजूला केली.