आडवं होण्यापुरती जागा

माझ्या धाकट्या जावेला घरात सगळे महागाई म्हणतात. "महागाई उठली का?" असं सासरे विचारतात आणि ती आतून ओ देते. तिची नोकरीच तशी. भावांच्या पाहणीसाठी घरोघरी फोन लावायचा आणि वर्षभरात भाव किती वाढतील असं तुम्हाला वाटतं, एवढंच विचारायचं. आपलं मत द्यायचं नाही, 'हो ना' म्हणायचं नाही, उसासासुद्धा टाकायचा नाही. लोक बोलतील ते लिहून घ्यायचं.

साथ आली, सगळे घरात बसले, तसं हे काम आमच्या मधल्या खोलीत आलं. दिवसभर लोक सांगणार, दुप्पट होणार, तिप्पट होणार, काही मिळणारच नाही. ही गुमान ऐकून घ्यायची आणि फोन ठेवला की दिराच्या मागे लागायची, तेल आणा, पीठ आणा, साबण आणा. दीर म्हणजे बायकोच्या शब्दाबाहेर न जाणारा. बघता बघता पलंगाखाली डबे, भिंतीला टेकून पोती, न्हाणीच्या दारात साबणाची खोकी. माझी करंगळी त्या खोक्यांवर इतक्यांदा ठेचाळली की मी या घरात चालणंच सोडलं होतं, नुसती सरकायचे.

पण चिडणार तरी कोणावर? पोरगी सुकत चालली होती. झोप नाही, फोन घेतला की छातीत धडधड. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, काळजीनं पोखरलंय, योगासनं सुरू करा. सासूबाई कित्येक वर्षं योगासनं करतात, त्यांनी लगेच कंबर कसली. आणि बघतो तर काय, चटई पसरायला घरात जागाच नाही. सासूबाईंनी डबे हलवायला घेतले, तर ही डब्याला मिठी मारून बसली.

मग खरं काय ते बाहेर आलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांना तिनं नेहमीचा प्रश्न विचारला होता. ते उलट म्हणाले, बाई, तुम्ही इतक्या जणांशी बोलता, तुम्हाला काय वाटतं? नियम विसरून ही बोलून गेली, आजोबा, आजच तेल भरून ठेवा, उद्या मिळायचं नाही. लगेच निघतो म्हणाले. एकटा माणूस, भर साथीत, दुकानासमोर ही गर्दी. आता दुसऱ्या फेरीत त्याच घरांना पुन्हा फोन करायचे होते आणि आजोबांचा नंबर ती रोज पुढे ढकलत होती.

"त्यांनी उचललाच नाही तर?" एवढंच ती म्हणाली.

सासूबाईंनी आणि मी पोती बाहेर जिन्यात काढली, शेजाऱ्यांना हवं ते न्या म्हणून सांगितलं. या वेळी तिनं अडवलं नाही. चटई पसरून सासूबाई तिच्या उशाशी बसल्या, श्वास हळू घे, त्याहून हळू सोड. कसलं जमतंय, नुसते हुंदके. पण सासूबाई पिच्छा सोडणाऱ्यातल्या नव्हेत. रोज आडवं व्हायचं, रोज श्वास. एका दुपारी हुंदके आलेच नाहीत. ती उठली आणि तिनं तो नंबर लावला.

घंटा वाजत राहिली. माझाच जीव टांगणीला लागला. शेवटी पलीकडून कोणी तरी खाकरलं. आजोबाच होते, आणि चांगले कुरकुरत होते. तुमचं ऐकून एवढा मोठा डबा आणला, आता एकट्यानं त्यात पोहू का, म्हणाले. ही रडत रडत हसायला लागली. मग सावरून तिनं प्रश्न विचारला. त्यांनी पुन्हा तेच केलं.

"माझं राहू दे. तुम्हाला काय वाटतं?"

तिनं सासूबाईंकडे बघितलं, सावकाश श्वास घेतला. "आजोबा, मला माहीत नाही. खरंच नाही."

"मग ठीक," ते म्हणाले. "मला वाटत होतं, सगळ्यांना माहीत आहे, मलाच तेवढं नाही."

फोन ठेवून ती चटईवर पडली आणि तिथंच गाढ झोपली. संध्याकाळचा स्वयंपाक आम्ही तिच्या बाजूनं अंग चोरून ये-जा करत केला.