दुहेरीच्या यादीतलं दुसरं नाव

आमच्या कॉलनीतल्या क्लबच्या मागे मातीचं टेनिस कोर्ट होतं. माझे वडील वीज केंद्रात इंजिनिअर होते आणि क्लबचे सेक्रेटरीही. कोर्टावर पाणी मारणं, रोलर फिरवणं, चुन्याच्या रेघा ओढणं हे सगळं एकच माणूस करायचा. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. त्यांची भाची शाळेसाठी त्यांच्याकडे चंद्रपूरला राहायला आली. तिचं गाव आरमोरीजवळ. घरचे तलावात मासे धरायचे आणि थोडं धान पिकवायचे. कोणीतरी टाकून दिलेल्या रॅकेटने ती क्लबच्या भिंतीवर एकटीच चेंडू मारत असायची. एका संध्याकाळी माझी जोडीदार आली नाही म्हणून कोचने तिला माझ्याबरोबर उभं केलं. तेव्हा आम्ही दोघी अकरा वर्षांच्या होतो. पुढची सहा वर्षं मी दुहेरी तिच्याशिवाय खेळले नाही.

ती नेटजवळ उभी राहिली की समोरच्या मुली बिचकायच्या. मी सर्व्हिस करायची, ती पाठीमागे हात नेऊन खूण करायची. मूठ म्हणजे ती दुसऱ्या बाजूला झेप घेणार, उघडा पंजा म्हणजे जागेवरच. तिची सर्व्हिस असली की खूण मी करायची. जिल्हा झाला, विभाग झाला, राज्य स्पर्धेत आम्ही उपांत्य फेरीपर्यंत गेलो. भाऊ प्रत्येक वेळी गावाकडे फोन करून निकाल सांगायचे.

मग नागपुरात महिलांची एक छोटी व्यावसायिक स्पर्धा ठरली. छोटी म्हणजे आमच्यासाठी फार मोठी. बाहेरच्या देशांतल्या मुली येणार होत्या. दुहेरीसाठी ठरलेल्या दिवशी दुपारी बारापर्यंत तिथे जाऊन सही करायची असते. जोडीतली एक हजर असली तरी चालतं. सोळा जोड्या घेतात, आणि जास्त झाल्या तर रँकिंग बघतात. आम्हा दोघींना रँकिंग नव्हतं.

सहीच्या आदल्या दिवशी तिच्या बहिणीचं लग्न होतं. सकाळी तिने बसमधून फोन केला.

"मी येऊन राह्यली. गाडी ब्रह्मपुरीले पोचली. तू सई करून टाक."

"करते," मी म्हणाले. आणि तेव्हा मी खरंच करणार होते.

सहीच्या टेबलाजवळ पुण्याची एक मुलगी उभी होती. एकेरीत तिला रँकिंग होतं. तिच्या जोडीदाराचा पाय मुरगळला होता आणि ती कोणीतरी शोधत होती. तिने मला विचारलं, तू कोणाबरोबर खेळतेयस? मी म्हणाले, अजून ठरलं नाही.

हे वाक्य कोणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं. तिच्याबरोबर नाव लावलं तर प्रवेश नक्की, एवढंच डोक्यात होतं. बाराला दहा मिनिटं असताना मी सही केली. माझं नाव, आणि खाली तिचं.

एक वाजता माझी मैत्रीण आली. खांद्यावर रॅकेटची पिशवी, हातांवर लग्नातली मेंदी, आणि स्टीलच्या डब्यात माझ्यासाठी आणलेले अनारसे.

"झाली ना सई?"

"दोघी हजर पाहिजेत म्हणाले," मी सांगितलं. "तू नव्हतीस. मग एकीला जोडीदार नव्हती, त्यांनी मला तिच्याबरोबर घातलं."

तिने डबा माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "माह्यीच गाडी उशिरा सुटली."

संध्याकाळी यादी लागली. जोड्या पंधराच होत्या. मी माझ्या मैत्रिणीचं नाव लिहिलं असतं तरी आम्ही आत असतो.

दुसऱ्या दिवशीच्या सामन्यासाठी ती थांबली. पुण्याची मुलगी खेळाडू चांगली होती, पण आम्ही कधी एकत्र खेळलोच नव्हतो. तिच्या सर्व्हिसला मी नेटवर सवयीने पाठीमागे मूठ मिटली आणि झेप घेतली. तिला खूण कळली नाही, तीही त्याच बाजूला धावली. उघड्या कोर्टात चेंडू सहज पडला. असं दोनदा झालं. दुसऱ्यांदा माझी नजर प्रेक्षकांकडे गेली. माझी मैत्रीण खाली बघत होती. आम्ही दोन सेटमध्ये हरलो. मी बाहेर आले तोवर ती गेली होती.

त्यानंतर ती कॉलनीत खेळायला आली नाही. तिने बारावी गावाकडून दिली, पुढे वनरक्षकाची भरती पास झाली. मीही दोनेक वर्षांत टेनिस सोडलं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या ऑफिसच्या कामाने आलापल्लीला गेले. ती तिथे आहे हे ऐकलं होतं. वनविभागाच्या नाक्यावर ती खाकीत भेटली. चहा घेतला, तिच्या मुलीचे फोटो पाहिले. शेवटी मी सगळं सांगून टाकलं, सही, पुण्याची मुलगी, खोटं.

"मले त्याच दिवशी मालूम झालं," ती म्हणाली. "टेबलावरच्या बाईले इचारलं होतं. ते बोलली, एकीची सई चालते."

"मग मले बोलली काऊन नाई?" इतक्या वर्षांनी तिची बोली माझ्या तोंडात आली.

"तू सांगशील म्हणून वाट पाह्यली. मग वाट पाह्यनं सोडून देल्लं."

मी माफी मागितली. तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मले सांगून आता काय होते? मामाले सांग. त्याले अजून वाटते, मी लग्नात नाचत बसली आन् उशीर केला. लय बोलला होता मले. चार लोकांत बोलला."

"तू त्यांना खरं का नाही सांगितलंस?"

"तुह्ये बाबा सेक्रेटरी होते. त्याची नोकरी त्याच कोर्टावर होती."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. तिच्यावर खापर आलं असेल, हेसुद्धा नाही. मी माझ्या खोट्याचा विचार फक्त माझ्यापुरता करत आले होते.

पुढच्या रविवारी मी आरमोरीची बस धरली. भाऊ आता गावी राहतात. अंगणात बाजेवर बसले होते. मला ओळखून उठायला लागले; मी त्यांना बसवलं आणि उभ्यानेच सांगितलं. ऐकून झाल्यावर ते आपल्या हातांकडे पाहू लागले.

"मी तिले सगळ्यांसमोर बोललो होतो," ते म्हणाले. "तिच्या मायसमोर बी."

"भाऊ, चूक माझी होती."

"हो," ते म्हणाले. त्यांनी ते नाकारलं नाही, आणि नाकारावं अशी माझीही इच्छा नव्हती.

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. "तिले लावून दे बाई. मले दिसत नाई नीट."

मी नंबर लावून फोन परत दिला. त्यांनी तो कानाला धरला. पलीकडून तिचा आवाज आला. ते म्हणाले, "जेवली का?"

मी चप्पल घातली आणि कुंपणाबाहेर रस्त्यावर येऊन बसची वाट पाहत उभी राहिले.