बिनबोलावण्याची मॅक्रोनी

मालतीकाकू आज सकाळी गेली, आणि बिल्डिंगची फार मोठी गैरसोय झाली.

आज तिसऱ्या मजल्यावर चैत्रातलं हळदीकुंकू होतं. रद्द करावं लागलं. दोन किलो हरभऱ्याची डाळ भिजत पडली आहे, पन्हं फ्रीजमध्ये मावत नाही, आणि ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींच्या खाली त्या डाळीचं करायचं काय यावर गंभीर चर्चा चालू आहे.

काकूला हे भयंकर आवडलं असतं.

ज्यांना आज ती 'बिचारी' वाटतेय, त्यांनी पुढे वाचू नये.

मुलुंड, ऐंशीच्या दशकाचा मध्य. काकू आमच्या समोरच्या घरात राहायची. अंधेरीच्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर. वय अडतीस. काका जाऊन वर्ष झालेलं.

म्हणजे आदल्या वर्षीपर्यंत जी बाई आमच्या हळदीकुंकवाला सगळ्यांच्या आधी हजर असायची, ती आता यादीतच नव्हती.

यादी आईची. बोलावणं करत फिरणारी मी, वय बारा.

"समोरचं दार सोड," आई म्हणाली.

मी सोडलं. शेजारच्या दारात बोलावणं देऊन वळले, तर काकू तिच्या दारात उभी.

"आज काय आहे गं तुमच्याकडे?"

"काही नाही," मी म्हटलं.

"बरं," म्हणाली आणि आत गेली.

संध्याकाळी आमच्याकडे गौर मांडलेली, बायका जमलेल्या, आणि पॅसेजमधून लोण्यावर परतलेल्या लसणाचा वास आला.

चैत्रगौरीसमोर लसूण. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

काकूचं दार सताड उघडं. मला सगळं दिसत होतं. उकडलेली मॅक्रोनी रोळीत निथळत होती. कढईत कोवळी फरसबी, गाजर, सीझनचे शेवटचे मटार, वरून पातीचा कांदा. मिरपूड. डब्यातलं चीज किसून. ऑफिसच्या कॅन्टीनवाल्याकडून शिकलेली, वीस मिनिटांची रेसिपी.

केसात मोगऱ्याचा गजरा, जो तिने आता माळायचा नव्हता.

टेबलावर बारा ताटल्या. बोलावणं एकीलाही नाही.

मग ती पॅसेजमध्ये येऊन उभी राहिली.

"मॅक्रोनी झालीय. इथे यायला नवरा लागत नाही, भूक लागते. गार झाली तर वाट लागेल तिची."

कोणी हललं नाही.

त्या बारा रिकाम्या ताटल्या मला दिसत होत्या. काकूची पाठ होती त्यांच्याकडे, पण तिलाही दिसत असणार.

तेवढ्यात आमच्या स्वयंपाकघरातून आजी बाहेर आली. माझ्या वडिलांची आई. सकाळपासून डाळ वाटणारी, आणि बायका आल्या की वीस वर्षं आतच बसणारी. कारण तेच, नवरा नाही.

आजी सगळ्या बायकांच्या मधून, गौरीच्या समोरून, सरळ चालत निघाली. आईने हळूच विचारलं, कुठे निघालात.

"खायला," आजी म्हणाली.

काकूकडे बसून तिने पहिला घास घेतला. अख्खा पॅसेज निकालाची वाट बघत होता.

"गिळगिळीत आहे," आजी म्हणाली. "अजून वाढ."

मग एकेक जण उठली. सहा जणी, ओटीतले हरभरे सांभाळत. आई नाही. पुढच्या वर्षी तिने हळदीकुंकूच ठेवलं नाही. हरले म्हणण्यापेक्षा गुडघे दुखतात म्हणणं सोपं.

काकू मात्र दर चैत्रात मॅक्रोनी करत राहिली. कोणाचा नवरा आहे, कोणाचा गेला, कोणी सोडला, काही चौकशी नाही. दार उघडं.

मीही दरवर्षी चापून खाल्ली. 'काही नाही' म्हणाले होते, ते तिने कधी काढलं नाही. मीही नाही. माझी तेवढी हिंमत नव्हती.

आज दुपारी तिला न्यायच्या आधी मी वाकले आणि तिच्या कानाशी सांगितलं.

"काकू, आईने सांगितलंय, संध्याकाळी आमच्याकडे हळदीकुंकू आहे. यायचं हं."

मग बाजूला झाले.

नीट जा, काकू.