कारणाचा रकाना

बस चुकली म्हणून उशीर झाला, हे वाक्य अख्ख्या दिल्लीत जन्मात ज्याने उच्चारलं नाही असा एकच माणूस होऊन गेला, आणि तो आपल्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर राहत होता. तुम्ही पोरं सुट्टीत आलात की त्यांना 'वरचे आजोबा' म्हणायचात. तुमच्या आजोबांचे ते ऑफिसातले मित्र, एकटा जीव. मी त्यांना भावजी म्हणे. जुन्या बाजारातून अस्तित्ववादाची फाटकी पुस्तकं आणायची आणि त्यातलं एकच सूत्र सगळीकडे लावायचं: माणूस मोकळा आहे, म्हणून जे करतो त्याला तोच जबाबदार, नशीब, साहेब आणि हवामान या नुसत्या सबबी. ऑफिसात उशिरा पोहोचले की साहेबांना सांगायचे, "मी दुसरा चहा निवडला." साहेबांनी अर्धी रजा कापली की तीही आनंदाने मान्य. लग्नाच्या पंगतीत आग्रह झाला की पानावर हात आडवा न धरता जाहीर करायचे, "चौथी जिलबी मी स्वतःच्या इच्छेने घेतोय, पोटदुखीसकट!" आणि दुसऱ्या सकाळी ओवा मागायला आमच्याच दारात हजर.

दिल्लीला लागून असलेल्या या नोएडात तेव्हा शेतांच्या जागी सेक्टर उगवत होते. आमच्या सोसायटीचे फ्लॅट सोडतीने वाटले गेले. तुमच्या आजोबांना हृदयविकाराचा झटका येऊन चारच महिने झाले होते. जिने चढायला डॉक्टरांची सक्त मनाई, आणि इमारतीला लिफ्ट नाही. डब्यातून चिठ्ठी निघाली: आम्हाला चौथा मजला. लगेच पुढची निघाली: भावजींना तळमजला, शिवाय पुढे अंगण. कुणाकडे काही मागायचं नाही, हे कॉन्व्हेंटात माझ्या अंगात मुरलेलं. घरी आल्यावर भावजींपुढे चहा ठेवत म्हटलं, "मिळालं ते मिळालं. आपल्या हातात काय असतं?"

त्यांनी कप बाजूला सारला. "वहिनी, तुम्ही खोटं बोलताय. तुम्हाला काय हवंय?"

"तुम्हाला कळत नाही का?"

"कळतं की! पण न मागता दिलं तर तो उपकार होईल. तुम्ही मागा, मग मी निवडतो."

रागाने माझे कान तापले. आतल्या खोलीत तुमचे आजोबा उशीला टेकून सगळं ऐकत होते. मी आधीच लखलखीत असलेला साखरेचा डबा बराच वेळ पुसत राहिले. मग तो खाली ठेवला आणि म्हणाले, "तळमजला मला द्या."

"दिला!" भावजी असे ओरडले की शेजारच्या बाई धावत आल्या.

अदलाबदलीच्या अर्जात 'कारण' असा रकाना होता. भावजींनी त्यात लिहिलं, 'स्वेच्छेने'. सोसायटीचे पंजाबी सेक्रेटरी हैराण झाले. "भाईसाहब, ग्राउंड फ्लोर छोड़कर ऊपर कौन जाता है? लिख दो, दोस्त बीमार है, मजबूरी है."

"मजबूरी नहीं है जी. यही तो बात है!"

"अरे यार, कमेटी को मैं क्या बोलूँ?"

"बोलना, आदमी आज़ाद है."

ओळीने तीन रविवार ते कमिटीपुढे बसले. तिसऱ्या रविवारी सेक्रेटरींनी कपाळाला हात लावून अर्जावर शिक्का मारला, आणि भावजी तो अर्ज निशाणासारखा फडकावत आमच्या घरी आले. पेढे तुमच्या आजोबांनी वाटले.

त्या अंगणात तुमचे आजोबा पुढे सतरा वर्षं हिंडले. मे महिन्यात पाणी वरपर्यंत चढायचं नाही, भावजी दोन्ही हातांत बादल्या घेऊन प्रत्येक मजल्यावरून गर्जना करायचे, "वहिनी, ही बादलीसुद्धा मीच निवडली!" त्या आवाजात तक्रार कधी शोधूनही सापडली नाही.

आता दोघेही नाहीत. तुमचे बाबा दर रविवारी फोनवर विचारतात, "आई, तिथे एकटी कशाला राहतेस? इकडे ये ना." पूर्वी मी दूधवाल्याची, बागेची, दाढदुखीची कारणं सांगायची. हल्ली एकच शब्द सांगते, स्वेच्छेने. मग फोन ठेवते, आणि थोडा वेळ जिन्याकडे कान देऊन बसते.