अण्णांची नऊ पॉइंट तीन

बंदुकीच्या दुकानात तुम्ही म्हणाल बंदुका साठतात. नाही हो! बंदुका विकल्या जातात. साठतात ते किस्से. कॉव्हेंट्रीच्या बाहेर माझं दुकान आहे. आधी मी सायकली विकायचो, मग मासेमारीचे गळ, मग बंदुका. शिकलो ते सगळं काउंटरवर उभं राहून. इतक्या वर्षांत एका माणसानं जेवढे किस्से दिले, तेवढे बाकीच्या गिऱ्हाइकांनी मिळून दिले नाहीत. त्यांचं नाव अण्णा.

अण्णा मूळचे कोल्हापूरच्या गवळी गल्लीतले. इथे कार फॅक्टरीत आयुष्य गेलं, आणि गोऱ्या दोस्तांबरोबर तीस वर्षं हरणांची शिकार. हरीण म्हणजे मुंटजॅक, उंची लॅब्रॅडॉरपेक्षा कमी! दोस्त चिडवायचे, "अण्णा, आज कुत्रा मारला की हरीण?"

सत्तरी आली. खांद्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, त्यानंतर बंदुकीचा धक्का कायमचा बंद. अण्णा रायफल घेऊन थेट दुकानात.

"शेठ, ऑगस्टमध्ये आफ्रिकेला जातो. रानरेडा मारायचा. एकदाच. ऑपरेशनच्या आधी. हिचं भोक मोठं करून द्या."

* * *

हे 'भोक मोठं' प्रकरण माझ्या कारागिराकडे गेलं. ट्रेव्हर. यॉर्कशरचा माणूस, दिवसाला जेमतेम वीस शब्द वापरतो.

अण्णा म्हणाले, "आम्ही सिलिंडर बोअर करायचो की. तसंच करायचं."

ट्रेव्हरनं नळीला डोळा लावला. "नो. वोर्न आउट. न्यू बॅरल."

अण्णांची रायफल 'थर्टी-ऑट-सिक्स'. ट्रेव्हर म्हणाला, हिला नऊ पॉइंट तीनची नळी बसते, बाकीचं यंत्र तसंच चालतं, आणि अण्णा जातायत त्या देशात रानरेड्याला ती कायद्यानं चालते.

अण्णांचा चेहरा पडला. "शेठ, तीसची आहे ती. नऊची करून काय उपयोग? मला मोठी पाहिजे!"

मी समजावलं, की तीस हे इंचाचे शंभरातले भाग आणि नऊ हे मिलिमीटर. ते मान हलवत राहिले. शेवटी ट्रेव्हरनं दोन गोळ्या काउंटरवर शेजारी उभ्या केल्या. अण्णांनी दोन्हींवर बोट फिरवलं, आणि म्हणाले, "मग सगळं एकाच मापात का ठेवत नाहीत?"

ट्रेव्हर म्हणाला, "यू बिल्ट ब्रिटिश कार्स. यू टेल मी."

फॅक्टरीत अण्णांकडे पान्यांचे दोन डबे होते. एक इंचाचा, एक मिलिमीटरचा.

* * *

आता इथला कायदा असा, की तुमच्या सर्टिफिकेटवर प्रत्येक बंदुकीचं कॅलिबर लिहिलेलं असतं. ते बदलायचं तर आधी परवानगी. नाहीतर सर्टिफिकेट जातं, आणि अण्णांची तीस वर्षांची शिकार आणि आफ्रिका दोन्ही एकदम जाणार. अण्णांनी फॉर्म भरला. 'कारण' या रकान्यात लिहिलं: 'बफेलो'.

चौकशीला पोलिसांचा ऑफिसर घरी आला. सभ्य माणूस. वहिनींनी चहा-चकली दिली. त्यानं सहज विचारलं, "तुमचे मिस्टर बफेलो मारायला निघालेत, हे तुम्हाला माहीत आहे ना?"

माहीत नव्हतं!

"अहो?" वहिनींनी बशी खाली ठेवली. "म्हैस? तुम्ही म्हैस मारणार?"

"अगं, रानरेडा तो. आफ्रिकेतला."

"नात्यातलाच ना! दिवाळी पाडव्याला शिंगं रंगवून, मोरपिसं लावून ज्या घरात म्हशी ओवाळतात, त्या घरातले तुम्ही!" मग त्या ऑफिसरकडे वळल्या आणि इंग्लिशमध्ये सांगू लागल्या, की सासरे म्हशीला नावानं हाक मारायचे, आणि भर रस्त्यातल्या गर्दीतून म्हैस त्यांच्यापाशी धावत यायची. प्रत्येकीला वेगळं नाव.

तेवढ्यात नात म्हणाली, "आजोबा, म्हैस आपला फॅमिली आहे ना?"

ऑफिसरनं हे सगळं लिहून घेतलं. कोणत्या रकान्यात, कोण जाणे.

* * *

पुढची चूक आमची. म्हणजे माझी. परवानगीला वेळ लागत होता आणि ऑगस्ट जवळ येत होता. मी आपल्या मराठी सवयीनं ट्रेव्हरला म्हणालो, "परवानगी येईलच. होऊन जाऊ दे!" त्यानं जुनी नळी काढली, नवी बसवली. बर्मिंगहॅमला चाचणी होऊन शिक्काही बसून आला.

परवानगी मात्र नाही!

रायफल माझ्या रजिस्टरवर, म्हणून मी कायद्यात. पण अण्णांना ती घरी न्यायची सोय राहिली नाही. त्यांच्या कागदावर जी रायफल होती ती आता जगात नव्हती, आणि जगात जी होती ती कागदावर नव्हती.

अण्णा म्हणाले, "म्हणजे माझ्याकडे बंदूक आहे की नाही?"

मी म्हणालो, "आहे."

ट्रेव्हर म्हणाला, "नो."

मग अण्णा रोज तिला भेटायला यायला लागले. आयसीयूतल्या पेशंटला भेटावं तसं. दुपारी दोनला. मी कपाट उघडायचो, ते लांबून बघायचे. "बरी आहे ना?" एकदा तर वहिनींनी डबा दिला होता. तो ट्रेव्हरनं खाल्ला.

* * *

बंदूक नाही तर सराव कसा करणार? अण्णांनी नातीच्या क्रिकेटच्या मोज्यात वाळू भरली आणि तो झाडूच्या दांड्याला बांधला, वजन रायफलएवढं. खिडकीत उभं राहून नेम धरायचे. शेजारीणबाईंनी एकदा दारात येऊन विचारलं, "इज एव्हरीथिंग ऑल राइट?"

वहिनी म्हणाल्या, "येस, येस. ही इज किलिंग हिज रिलेटिव्ह."

त्यानंतर महिनाभर त्या बाईंनी वहिनींना एकटं सोडलं नाही. रोज केक!

* * *

विमानाला चार दिवस उरले आणि परवानगी आली. आम्ही तडक रेंजवर. अण्णांनी पहिली गोळी झाडली. टोपी मागे, चष्मा कपाळावर, अण्णाही दोन पावलं मागे, चिखलात.

"खांदा आहे का बघा हो शेठ!"

ट्रेव्हरनं दुर्बिणीतून निशाण पाहिलं. बरोबर मधोमध. दिवसभरातला त्याचा तो एकच शब्द: "बफेलो."

दुसऱ्या गोळीला अण्णा जागचे हलले नाहीत. तिसरीनंतर म्हणाले, "पुरे. उरलेला खांदा तिकडे लागेल."

* * *

अण्णा गेले. दहा दिवसांनी मला तिकडच्या शिकाऱ्याचा ईमेल आला, जो अण्णांना रानात घेऊन गेला होता. मला वाटलं, नळी फुटली का काय?

त्यानं लिहिलं होतं: 'रायफल उत्तम. पण वापरली गेली नाही. साठ यार्डांवर मोठा नर उभा होता. तुमच्या गिऱ्हाइकानं नेम धरला, बराच वेळ धरला, मग रायफल खाली केली आणि ते ओरडून काहीतरी म्हणाले. मी माझी रायफल उचलली, कारण असा नर आता अंगावर येणार. तो आला. पण चालत. वीस पावलं. कान पुढे करून त्यांच्याकडे बघत उभा राहिला, आणि मग निघून गेला. माझे लोक विचारतायत, ते काय होतं? तुमच्या दुकानात मिळतं का?'

दुसऱ्या आठवड्यात अण्णा आले. रायफल काउंटरवर ठेवली. खांद्याचं ऑपरेशन सोमवारी.

मी विचारलं, "अण्णा, काय म्हणालात हो तुम्ही त्याला?"

"काही नाही. नावानं हाक मारली."

"अहो, पण त्याचं नाव तुम्हाला काय माहीत?"

अण्णांनी रायफल माझ्याकडे सरकवली.

"तेच तर मला कळंना, शेठ. पण तो आला की!"